दाण्यातली प्रथिनं नेमकी कुणासाठी?

कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालतात, रोज पाणी बदलतात, मग तो वाटून हाताने पिळतात. पांढराशुभ्र चीक पातेल्यात उतरतो आणि हातात चिवट चोथा राहतो. चिकाच्या कुरडया होतात; चोथ्याच्या कुणी भुसवड्या घालतं, कुणी तो गुरांना देतं. हा चीक म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. गव्हातली बरीचशी प्रथिनं त्या चोथ्यात, कोंड्याबरोबर मागे राहतात.

इटलीत बोलोन्या शहरातल्या याकोपो बेक्कारी या विद्वानाने जवळपास हेच केलं होतं. गव्हाचं पीठ पाण्यात धुऊन त्याचे दोन भाग वेगळे करता येतात, हे त्याने १७२८ मध्ये मांडलं. एक भाग पाण्याबरोबर निघून जातो, दुसरा चिकट गोळा होऊन उरतो. हा गोळा प्राण्यांच्या शरीरातून मिळणाऱ्या पदार्थांसारखा वागतो, असं त्याच्या लक्षात आलं. धान्यात असं काही असेल याची तोवर फारशी कुणाला कल्पना नव्हती. त्या गोळ्याला आज आपण ग्लुटेन म्हणतो.

हा प्रयोग घरी करून बघण्यासारखा आहे. मूठभर कणीक घट्ट मळा, अर्धा तास झाकून ठेवा आणि मग पाण्याच्या पातेल्यात धरून हलक्या हाताने चोळत राहा. पाणी दुधाळ होत जातं. तीन-चारदा पाणी बदललं की हातात करड्या-पिवळ्या रंगाचा छोटासा गोळा उरतो. ओढला की तो लांबतो, सोडला की मागे येतो. आता हेच ज्वारीच्या पिठाबरोबर करा. सगळं पीठ पाण्यात पसरून जातं, हाती काहीच लागत नाही. खरं तर ज्वारीतही शंभर ग्रॅममागे सुमारे दहा ग्रॅम प्रथिनं असतात, गव्हाहून फार कमी नव्हेत. मग त्यांचा गोळा का होत नाही? आणि त्याहून मोठा प्रश्न असा, की ज्वारीतली दहा ग्रॅम, गव्हातली दहा ग्रॅम आणि तुरीच्या डाळीतली दहा ग्रॅम प्रथिनं शरीराला सारखीच का लागू पडत नाहीत?

दाणा ही प्रथिनं आपल्यासाठी साठवतच नाही, या एका गोष्टीपासून सुरुवात केली तर दोन्ही प्रश्न सुटत जातात.

रोपाची शिदोरी

गव्हाचा किंवा ज्वारीचा दाणा उभा चिरून भिंगाखाली धरला की बाहेर कोंडा, एका टोकाला भ्रूण आणि मधला सगळा पांढरा, पिठूळ भाग म्हणजे भ्रूणपोष दिसतो. भ्रूण म्हणजे उद्याचं रोप. भ्रूणपोष ही त्याची शिदोरी. पानं उन्हाला लागेपर्यंत आणि मुळं जमिनीत रुजेपर्यंत रोपाला तिच्यावरच भागवायचं असतं. कोंड्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एक पातळ थर असतो, त्याला ॲल्युरोन म्हणतात. दाणा पिकून वाळला की पिठूळ भागातल्या पेशी मरतात, पण भ्रूण आणि ॲल्युरोन मात्र जिवंत राहतात. पेरणीनंतर दाण्यात ओल शिरली की भ्रूण जिबरेलिन नावाचं संप्रेरक सोडतो. ते मिळताच ॲल्युरोनच्या पेशी विकरं बनवून पिठूळ भागात पाठवतात. स्टार्चची साखर होते, प्रथिनांची अमिनो आम्लं होतात आणि भ्रूण ती शोषून घेतो. मोड आलेलं धान्य गोडसर लागतं ते यामुळेच.

स्टार्चमधून रोपाला ऊर्जा आणि कार्बन मिळतो, पण नायट्रोजन मिळत नाही. नायट्रोजनाशिवाय नवी प्रथिनं, नवं डीएनए, हरितद्रव्य काहीच बनत नाही. म्हणून दाण्यात प्रथिनांच्या रूपात नायट्रोजन साठवून ठेवलेला असतो. तो येतो कुठून? मोठा हिस्सा येतो पानांतून. कणीस भरू लागलं की खालची पानं पिवळी पडत जातात. पानांतली प्रथिनं मोडून त्यांचा नायट्रोजन वर दाण्याकडे जात असतो. शेतात गहू पिवळा होताना आपण बघतो ते पीक मरणं तर असतंच, पण पानांतला ऐवज दाण्यात हलवणंही असतं.

आता यातला कळीचा मुद्दा. पेशीतली रोजची कामं करणारी प्रथिनं, म्हणजे विकरं वगैरे, फार काटेकोर असतात. त्यांचा आकार जरा बिघडला तर काम थांबतं, त्यामुळे त्यांच्या अमिनो आम्लांच्या क्रमात फारसा बदल चालत नाही. साठवणीच्या प्रथिनाला असं काही काम नसतं. त्याने गपचूप पडून राहायचं आणि वेळ आली की मोडायचं. जागा कमी लागावी आणि नायट्रोजन जास्त मावावा एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. गवताच्या कुळात, म्हणजे गहू, ज्वारी, मका, बाजरी, जव यांच्या कुळात, ही अपेक्षा ज्या प्रथिनांनी पूर्ण केली ती ग्लुटामिन आणि प्रोलिन या दोन अमिनो आम्लांनी भरलेली आहेत. ग्लुटामिनच्या बाजूच्या शाखेवर नायट्रोजनचा एक जादा अणू असतो. गव्हाच्या ग्लायडिनमध्ये तर तिसऱ्या हिश्शाहून अधिक ग्लुटामिनच असतं.

रोपाला यात काही अडचण नाही. मिळालेल्या नायट्रोजनमधून लागणारी वीसच्या वीस अमिनो आम्लं ते स्वतः बनवून घेतं. आपल्याला ते जमत नाही. नऊ अमिनो आम्लं आपल्याला तयारच खावी लागतात आणि त्यातलं लायसिन नेमकं या साठवणीच्या प्रथिनांत नावापुरतं असतं.

अल्कोहोलमध्ये विरघळणारं प्रथिन

या प्रथिनांची नीट वर्गवारी केली थॉमस ऑस्बर्न यांनी. अमेरिकेत न्यू हेवन इथल्या कनेटिकट कृषी प्रयोग केंद्रात त्यांनी उभं आयुष्य बियांच्या प्रथिनांवर घालवलं. पद्धत साधी होती. पीठ आधी नुसत्या पाण्यात ढवळायचं. जे विरघळेल ते अल्ब्युमिन. उरलेलं मिठाच्या पाण्यात. जे विरघळेल ते ग्लोब्युलिन. मग सत्तर टक्क्यांच्या आसपासच्या अल्कोहोलमध्ये. जे विरघळेल ते प्रोलॅमिन. शेवटी सौम्य आम्लात किंवा अल्कलीत विरघळणारं ते ग्लुटेलिन. शंभरहून अधिक वर्षं झाली तरी ही वर्गवारी आजही प्रयोगशाळांत वापरली जाते.

पाण्याला दाद न देणारं आणि अल्कोहोलमध्ये विरघळणारं प्रोलॅमिन ही तृणधान्यांची खासियत आहे. गव्हात ते ग्लायडिन, मक्यात झीन, ज्वारीत काफिरिन, जवात हॉर्डेइन. तांदूळ आणि ओट्स हे यातले अपवाद. तांदळाचा मुख्य साठा ग्लुटेलिनचा असतो आणि हे ग्लुटेलिन रचनेने कडधान्यांतल्या एका ग्लोब्युलिनचं नातेवाईक निघतं. तांदळात प्रथिनं कमी, सात-आठ टक्केच, पण जी आहेत ती गव्हा-ज्वारीपेक्षा दर्जाने बरी, याचं कारण हेच.

पेशीच्या आत ही प्रथिनं कशी भरली जातात ते बघण्यासारखं आहे. दाणा भरत असताना पेशीतल्या आंतर्द्रव्यजालिकेच्या, म्हणजे पडद्यांच्या जाळ्याच्या, पडद्यावर प्रथिनं जोडणारे रायबोसोम अखंड काम करत असतात. तयार झालेली प्रथिनाची साखळी त्या जालिकेच्या आतल्या पोकळीत उतरते. ज्वारी आणि मक्यात ती तिथेच एकमेकींना चिकटून गोल कण तयार करते. हे कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे, कधी त्याहून थोडे मोठे. एका कणाची चकती कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर आत आल्फा प्रकारचं काफिरिन आणि बाहेरून बीटा व गॅमा प्रकाराचं कवच दिसतं. कवचातल्या प्रथिनांत सिस्टीन हे गंधक असलेलं अमिनो आम्ल भरपूर असतं. दोन सिस्टीनमधल्या गंधकाच्या अणूंचे एकमेकांशी बंध जुळतात, त्यामुळे कवच घट्ट होतं.

गव्हातही सुरुवात अशीच कणांनी होते. पण दाणा वाळत जातो तसे हे कण एकमेकांत मिसळतात आणि स्टार्चच्या दाण्यांभोवती प्रथिनाचं सलग आवरण तयार होतं. पाणी घालून मळलं की ग्लुटेनिनच्या, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेलिनच्या, लांब साखळ्या गंधकाच्या बंधांनी जोडल्या जातात, ग्लायडिन त्यांच्यामध्ये शिरून सैलपणा देतं आणि ताणणारं जाळं तयार होतं. कणीक मळून थोडा वेळ ठेवल्याने पोळी सहज लाटली जाते, कारण त्या वेळात हे जाळं सैलावतं. ज्वारीत प्रत्येक कण आपापल्या कवचात बंद असतो. तो पाणी घेत नाही आणि शेजारच्याला चिकटतही नाही. म्हणून भाकरीसाठी गरम पाणी लागतं. ज्वारीचं पीठ बांधून धरतो तो गरम पाण्याने फुललेला स्टार्च. पीठ जुनं झालं, विरी गेली की कितीही कढत पाणी घातलं तरी भाकरी थापताना चिरते.

आकडा दहाचा, उपयोग किती?

१९१४ मध्ये ऑस्बर्न आणि येल विद्यापीठातले लाफायेट मेंडेल यांनी उंदरांवरचे आहाराचे प्रयोग प्रसिद्ध केले. उंदरांना प्रथिन म्हणून फक्त मक्याचं झीन दिलं, बाकी आहार पुरेसा. उंदरांचं वजन घटत गेलं. आहारात ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल मिसळलं तेव्हा वजन टिकलं, पण वाढ होईना. मग लायसिनही घातलं आणि उंदीर वाढू लागले. प्रथिन हा एकच एक पदार्थ नाही, त्यातलं काय मिळतं यावर सगळं अवलंबून आहे, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारे प्रयोग त्याआधी फारसे नव्हते.

माणसांमध्ये याची किंमत पेलाग्रा या रोगाच्या रूपाने मोजावी लागली. त्वचा काळी पडून सोलवटते, जुलाब होतात, पुढे मनावर परिणाम होतो. शरीर ट्रिप्टोफॅनपासून नायसिन हे जीवनसत्त्व बनवू शकतं. झीनमध्ये ट्रिप्टोफॅन जवळजवळ नसतं आणि मक्यातलं नायसिनही बांधलेल्या स्वरूपात असतं. त्यामुळे फक्त मक्यावर जगणाऱ्या गरीब भागांत हा रोग पसरला. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवण्याची जुनी रीत होती. त्याने नायसिन मोकळं होतं, म्हणून तिथे तो फारसा दिसला नाही. आपल्या दख्खनच्या पठारावर मात्र पेलाग्रा ज्वारी खाणाऱ्या गरिबांत आढळला. हैदराबादला सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाच्या अतिरेकाकडे बोट दाखवलं. या कारणमीमांसेवर पुढे बराच वाद झाला. पण नुसत्या भाकरीवर राहावं लागणाऱ्या माणसाच्या अंगात काय कमी पडतं, हा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला.

लायसिनचा हिशेब सोपा आहे. प्रौढ माणसाच्या आहारात प्रत्येक ग्रॅम प्रथिनामागे ४५ मिलिग्रॅम लायसिन असावं, असं जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांचं २००७ चं प्रमाण आहे. ज्वारीच्या प्रथिनात ते २२ च्या आसपास भरतं, गव्हात तिशीच्या आसपास, तांदळात सुमारे ३७, तुरीच्या डाळीत ६५ च्या वर. कडधान्यांचा साठा ग्लोब्युलिनचा असतो, त्यात लायसिन भरपूर असतं आणि गंधक असलेली अमिनो आम्लं कमी. धान्यात नेमकं उलट.

शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्या घेतल्या तर दहा ग्रॅम प्रथिनं आणि सुमारे २२० मिलिग्रॅम लायसिन मिळतं. त्याबरोबर तीस ग्रॅम तूरडाळीचं घट्ट वरण घेतलं की साडेसहा ग्रॅम प्रथिनं आणि सव्वाचारशे-साडेचारशे मिलिग्रॅम लायसिन त्यात पडतं. एकूण साडेसोळा ग्रॅम प्रथिनं, प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ४० मिलिग्रॅम लायसिन. नुसत्या भाकरीचं २२ होतं. पिठलं-भाकरी, वरणभात, खिचडी, भाजणीचं थालीपीठ हे सगळे पदार्थ हेच करतात. पण वरण घट्ट असायला हवं, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. डाळ महागली की वरणाचं पाणी वाढतं आणि वरचं गणित तिथेच कोसळतं.

हाच हिशेब कुक्कुटपालनातही चालतो. कोंबडीच्या खाद्यात मका असतो तिथे सोयाबीनची पेंड लागते आणि वरून कारखान्यात जीवाणूंकडून बनवून घेतलेलं लायसिनही मिसळतात. कोंबडीचं खाद्य बनवणारा लायसिन तोलून घालतो. माणसाच्या ताटाकडे बघताना मात्र आपण 'प्रथिनं इतके टक्के' यावरच थांबतो.

टक्केवारीवर थांबण्यातली मेख इलिनॉय विद्यापीठातल्या एका प्रयोगाने फार आधी दाखवून दिली आहे. १८९६ मध्ये सिरिल हॉपकिन्स यांनी मक्याच्या कणसांतून जास्त प्रथिनांची आणि कमी प्रथिनांची अशी दोन्ही टोकांची निवड सुरू केली. ही निवड पिढ्यानुपिढ्या चालूच राहिली. सुरुवातीला मक्यात अकरा टक्क्यांच्या आसपास प्रथिनं होती. शंभर पिढ्यांनंतर एका वाणात ती जवळजवळ तिप्पट झाली, दुसऱ्यात चार टक्क्यांच्या घरात आली. वनस्पतीच्या निवडीची ही कमालच आहे. पण वाढलेलं प्रथिन मुख्यतः झीनच होतं. लायसिन त्या प्रमाणात वाढलंच नाही. पिकाला युरिया जास्त दिला की दाण्यातली प्रथिनं वाढतात, तेव्हाही मुख्यतः हेच घडतं. जादा नायट्रोजन बहुतांशी प्रोलॅमिनमध्ये जाऊन बसतो.

म्हणून जास्त प्रथिनांचे वाण निरुपयोगी आहेत असं मात्र नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या एमएसीएस ४०२८ या ड्युरम गव्हात सुमारे १४.७ टक्के प्रथिनं आहेत, कटकच्या राष्ट्रीय तांदूळ संशोधन संस्थेच्या सीआर धान ३१० मध्ये १०.३ टक्के. तेवढाच भात खाऊन जास्त प्रथिनं मिळत असतील तर गरीब घरात त्याला मोल आहेच. फक्त टक्क्यांच्या पुढचा प्रश्न विचारायचा सोडू नये: वाढलं ते कोणतं प्रथिन?

झीन कमी केलं तर?

हा प्रश्न पर्ड्यू विद्यापीठात एडविन मर्ट्झ, लिन बेट्स आणि ऑलिव्हर नेल्सन यांनी उलट्या बाजूने धरला. झीनच कमी असलेला मका सापडला तर? मक्याचा एक उत्परिवर्तित प्रकार शास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक होता. त्याचा दाणा काचेसारखा न दिसता खडूसारखा अपारदर्शक दिसतो, म्हणून त्याचं नाव ओपेक-२. त्यांनी त्याची अमिनो आम्लं मोजली तेव्हा लायसिन साध्या मक्याच्या जवळजवळ दुप्पट निघालं. १९६४ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि जगभर आशा पल्लवित झाल्या. ओपेक-२ चं जनुक हे झीनची जनुकं चालू करणारं प्रथिन बनवतं, हे नंतर समजलं. ते बिघडलं की झीन कमी होतं, त्याची जागा लायसिन असलेली इतर प्रथिनं घेतात.

भारतातही १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला शक्ती, रतन आणि प्रोटिना या नावांनी असे मके प्रसारित झाले. पण ते शेतकऱ्यांच्या पचनी पडले नाहीत, आणि त्यात शेतकऱ्यांची काही चूक नव्हती. झीनचे कण नुसता नायट्रोजन साठवत नाहीत. दाणा वाळताना ते स्टार्चच्या दाण्यांमधली जागा भरून काढतात आणि दाण्याला कठीणपणा देतात. ते कमी झाले की आत हवेच्या फटी राहतात. दाणा मऊ होतो, वजनाला हलका भरतो, कणसाला बुरशी लवकर धरते, साठवणीत किडा लागतो. उत्पन्न कमी, टिकाऊपणा कमी आणि बाजारात लायसिनला वेगळा भाव कोण देणार? बहुतेक ठिकाणी हे काम गुंडाळलं गेलं.

मेक्सिकोतल्या सिमिट या मका-गहू संशोधन केंद्रात मात्र दोघांनी चिकाटी सोडली नाही. मूळचे भारतीय असलेले पैदासकार सुरिंदर वसल आणि मेक्सिकोच्या जैवरसायनशास्त्रज्ञ एव्हान्जेलिना विलेगास. ओपेक-२ च्या ढिगाऱ्यात अधूनमधून काही दाणे अर्धवट कठीण असायचे. वसल ते निवडायचे, विलेगास यांच्या प्रयोगशाळेत त्यांतलं लायसिन आणि ट्रिप्टोफॅन मोजलं जायचं आणि पोषण टिकवून कठीण राहिलेले तेवढेच दाणे पुढच्या पिढीसाठी जायचे. वर्षानुवर्षं हे चाललं. त्यातून उभा राहिला तो 'क्वालिटी प्रोटीन मका'. आल्फा झीन कमीच राहिलं, पण कणाच्या कवचातलं गॅमा झीन वाढलं आणि दाण्याला कठीणपणा परत मिळाला. दोघांना २००० साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. भारतात अल्मोड्याच्या संस्थेने विवेक क्यूपीएम ९ हा संकरित वाण २००८ मध्ये आणला.

या कथेत मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते प्रयोगशाळेतलं मोजमाप आणि शेतातली नजर यांचं एकत्र येणं. नुसत्या लायसिनच्या आकड्याने काम भागलं नसतं, आणि नुसत्या दाण्याच्या रूपाकडे बघून निवड केली असती तर लायसिन हातचं गेलं असतं.

ज्वारी शिजवल्यावर काय होतं

ज्वारीची अडचण दुहेरी आहे. लायसिन कमी, आणि जी प्रथिनं आहेत तीही पूर्ण पचत नाहीत. साधारणपणे शिजवल्यावर प्रथिन पचायला सोपं होतं. ज्वारीत पाण्यात शिजवल्यावर उलट होतं. कणाच्या कवचातल्या सिस्टीनमध्ये आणखी गंधकाचे बंध जुळतात, कवच अधिक घट्ट होतं आणि पोटातली विकरं आतल्या आल्फा काफिरिनपर्यंत पोहोचू शकत नाहीत. पेरूमध्ये लहान मुलांना ज्वारीची पेज देऊन केलेल्या, १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्वारीतला निम्म्याहून कमी नायट्रोजन शोषला गेला होता. वाढत्या वयातल्या मुलांच्या दृष्टीने ही साधी गोष्ट नव्हे.

आंबवल्याने यात सुधारणा होते. सुदानमध्ये ज्वारीचं पीठ आंबवून त्याची किसरा नावाची पातळ पोळी करतात. आपल्याकडे ज्वारीची आंबील आहे, ती ताकाबरोबर उन्हाळ्यात पितात. आंबवताना पीठ आम्लधर्मी होतं आणि प्रथिनांचं थोडंफार विघटन आधीच होऊन जातं. पर्ड्यूमध्येच ज्वारीचा एक उत्परिवर्तित वाण मिळाला आहे, त्याचे प्रथिनकण गोल नसून वेडेवाकडे, आत खोल खाचा असलेले असतात. कवच सलग नसल्यामुळे विकरं सहज आत शिरतात आणि प्रथिन पचतं. आपल्याकडे मालदांडीच्या भाकरीची चव ज्यांच्या जिभेवर आहे त्यांना अशी मऊ दाण्याची ज्वारी पसंत पडेल का, हा वेगळा प्रश्न आहे. मक्याच्या अनुभवावरून तो आधीच विचारलेला बरा.

न पचणंही कधी कामी येतं

तांदळात साठा दोन ठिकाणी असतो. ग्लुटेलिन पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे साठवणीच्या पिशवीत, जातं आणि ते आपल्याला सहज पचतं. थोडंसं प्रोलॅमिन जालिकेतल्या गोल कणांत राहतं आणि ते बरंचसं न पचताच बाहेर पडतं. जपानमधल्या संशोधकांनी याचाच उपयोग करून घेतला. मूत्रपिंडाच्या रुग्णांना प्रथिनं मोजून खावी लागतात, पण भात सोडणं त्यांना जड जातं. त्यांच्यासाठी एलजीसी-१ नावाचा तांदूळ तयार झाला. त्यात ग्लुटेलिन कमी आणि प्रोलॅमिन जास्त आहे. एकूण प्रथिनांचा आकडा फारसा बदलत नाही, अंगाला लागणारी प्रथिनं मात्र कमी होतात.

गव्हाच्या बाबतीत न पचणं हेच काहींच्या जिवावर येतं. ग्लायडिनमध्ये प्रोलिन इतकं असतं की आपली पाचक विकरं काही तुकडे तोडूच शकत नाहीत. तेहेतीस अमिनो आम्लांचा असा एक तुकडा आतड्यात जसाच्या तसा राहतो. ज्यांच्या शरीरात ठराविक जनुकीय ठेवण असते, त्यांच्यापैकी काहींची प्रतिकारशक्ती त्या तुकड्यावर तुटून पडते आणि आतड्याचं अस्तर खराब होतं. हाच सीलिॲक विकार. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९४०च्या दशकात त्याचा संबंध गव्हाशी जोडून दाखवला. अशा रुग्णाला गहू, जव आणि राय पूर्ण बंद करावी लागतात. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ चालतात. हा विकार किंवा गव्हाचा दुसरा काही त्रास नसलेल्या माणसाने ग्लुटेनला घाबरून पोळी सोडण्याचं कारण मला दिसत नाही.

हवा बदलते तेव्हा

२०१४ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या एका अभ्यासात उघड्या शेतात कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण ५५० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ५५० भाग) आसपास वाढवून पिकं घेतली होती. गव्हातली प्रथिनं ६.३ टक्क्यांनी आणि तांदळातली ७.८ टक्क्यांनी कमी झाली. लोह आणि जस्तही घटलं. मका आणि ज्वारी यांचं प्रकाशसंश्लेषण वेगळ्या पद्धतीने चालतं, त्यांच्यात फारसा फरक पडला नाही. मुळांवरच्या गाठींतून हवेतला नायट्रोजन मिळवणाऱ्या वाटाणा आणि सोयाबीनमध्येही प्रथिनांची घट किरकोळ होती.

भात आणि पोळी हाच ज्या घरांचा प्रथिनांचा मुख्य आधार आहे, त्यांच्यासाठी हे आकडे गंभीर आहेत. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात २०१३ पासून प्राधान्य गटातल्या माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळतं. डाळ त्या कायद्याच्या हक्कात नाही. पाच किलो तांदूळ म्हणजे दिवसाला सुमारे १६७ ग्रॅम. त्यातून साडेबारा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि जेमतेम साडेचारशे मिलिग्रॅम लायसिन मिळतं. साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला सुमारे १,८०० मिलिग्रॅम लागतं. याच रेशनवर माणशी महिन्याला फक्त एक किलो तूरडाळ दिली तर दिवसाला ३३ ग्रॅम डाळ होते, आणि तेवढ्या डाळीत लायसिन सुमारे ४८० मिलिग्रॅम असतं, म्हणजे त्या पाच किलो तांदळातल्या लायसिनपेक्षा किंचित जास्तच.